लाकडाची उतरंड

आमच्या घराचं आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, मोडलं ते 3 जून 2020 च्या दुपारी. निसर्ग चक्रीवादळ चढलं रायगडच्या किनाऱ्यावर, पण दापोली-मंडणगडालाही त्यानं सोडलं नाही. मी पुण्यात होते आणि आत्या आंजर्ल्याच्या बाजूच्या आमच्या घरात एकटी. टाळेबंदीचे दिवस, वीज गेलेली, फोन बंद. पाचव्या दिवशी वाडीतल्या कुणीतरी डोंगरावर चढून रेंज पकडली आणि निरोप दिला: आत्या बरी आहे, घराची मागची बाजू बसली आहे.

मी पोचले ती महिन्याभरानं, पास काढून. वाड्यांमधल्या पोफळी एकाच दिशेला आडव्या निजल्या होत्या, कुणी हातानं ओळीत मांडाव्यात तशा. पोफळीला पीक धरायला पाच-सात वर्षं जातात. ज्यांच्या वाड्या गेल्या त्यांचं दुःख माझ्या लाकडांपेक्षा फार मोठं आहे, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्या परसातल्या रायवळ आंब्याची फांदी स्वयंपाकघरावर आली होती. आढं मधोमध मोडलं, वासे खाली आले, कौलांचा चुरा झाला. तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला आणि दिवाळीनंतर नवं छप्पर चढवलं: लोखंडी पाइप आणि पत्रे. दरवर्षी कौलं चाळायला, म्हणजे उतरवून पुन्हा लावायला, माणूस मिळत नाही, आत्याची सत्तरी उलटलेली, त्यामुळे घरातल्या सगळ्यांचं एकमत झालं. मी तेव्हा गप्प बसले. आजही पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की ते गप्प बसणं मला बोचतं.

उतरवलेलं लाकूड रिकाम्या गोठ्यात रचून ठेवलं होतं. एक व्यापारी येऊन बघून गेला. धड राहिलेल्या दोन तुळया त्यानं बऱ्या भावानं घेतल्या आणि बाकीच्या ढिगाला वजनावर भाव सांगितला. जळणाचा. फूटभर, दीड फूट, फार तर दोन फुटांचे तुकडे होते ते. काही एका टोकाला कुजलेले, काही खिळ्यांनी भरलेले आणि सगळे चुलीच्या धुरानं काळे ठिक्कर. मला तो भाव ठीकच वाटला होता.

पत्र्याच्या कामावर वाडीतले सुतारकाका येत होते. जेवणाच्या सुटीत ते गोठ्यात विडी ओढायला बसले आणि सहज म्हणून त्यांनी एका काळ्या तुकड्यावर कोयत्याचं टोक ओढलं. काळ्या सालीखालून पिवळ्या गुळासारखा रंग वर आला.

“ह्ये जळण नाय, ताई,” ते म्हणाले. “फणस हाय ह्यो. धुरानं राखलेला. ह्येला किडा शिवायचा नाय.”

मग त्यांनी मला जुन्या घराचा हिशेब सांगितला. लाकूड एका कामातून सुटलं की खालच्या कामाला लागायचं. तुळईचं टोक कुजलं की तेवढं कापून उरलेल्या लांबीतून उंबरा नाहीतर चौकट निघायची. चौकट खिळखिळी झाली की तिचे पाट. पाट चिरला की त्याच्या पट्ट्यांमधून लाटणं, रवीचा दांडा, विळीची बैठक. त्यातून उरेल त्याच्या खुंट्या आणि खुंट्यांमधून उरेल त्याच्या पाचरी. न्हाणीच्या चुलीत जायचा तो अगदी शेवटचा तुकडा आणि त्याचीही राख माडाच्या आळ्यात. माजघरात मडक्यांची उतरंड असते, खाली रांजण आणि वर वर लहान होत जाणारी गाडगी, तशीच ही लाकडाची उतरंड. घरात ‘उरलेलं लाकूड’ असं काही नसायचंच. त्याची फक्त पुढची पायरी यायची असायची.

वादळानं ही उतरंड एका दुपारीत ढासळवली. आढं होतं ते थेट जळण झालं, मधल्या सगळ्या पायऱ्या गाळून. मला त्या मधल्या पायऱ्या परत हव्या होत्या. माझं सगळं सुतारकाम एवढ्यापुरतंच आहे.

शिवाय असं लाकूड पुन्हा मिळायचं नाही. साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. आपल्या स्वतःच्या परसातलं झाड असलं तरी परवानगी घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पणजोबांनी ज्या फणसाचे वासे काढले तो शंभर वर्षांमागे उभा होता. तेवढा जून फणस तोडायची इच्छा मला नाही. तोडलेला घरात पडला असताना तो जाळायची तर मुळीच नाही.

हत्यारं काकांनीच जमवून दिली. एक करवत, एक लोखंडी रंधा, पाव, अर्धा आणि पाऊण इंचाची पटाशी, काटकोन बघायचा गुण्या, भोकं पाडायचं गिरमिट, दोन कानशी. लाकडी मोगरी मी नंतर ऐनाच्या तुकड्यातून स्वतः केली, तिला आज तीन वर्षं झाली. यंत्रं का घेत नाहीस, असं पुण्यातली भावंडं विचारतात. एक तर गावात वीज असतेच असं नाही. आणि फूटभर लांबीचा खिळ्यांनी भरलेला तुकडा फिरत्या करवतीला लावणं म्हणजे बोटांशी खेळ. लहान तुकड्याला हातानंच धरावं लागतं.

काका खाली बसून काम करतात, तशीच मीही पडवीत खाली बसते. एक टोक खांबाला टेकवायचं, दुसरं पायाच्या तळव्यानं दाबायचं. त्यांच्या जुन्या करवतीचे दात मुठीकडे झुकलेले आहेत, म्हणजे ती ओढताना कापते. बसलेल्या माणसाला ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं, म्हणून आपल्याकडच्या जुन्या करवती अशा. दुकानातून आणलेली माझी करवत ढकलताना कापते आणि तिच्यासाठी मला गुडघ्यावर उठावं लागतं. पहिले दोन महिने माझे गुडघे बोलत होते. मग काकांनी कानस घेऊन माझ्या करवतीचे दातही उलटे काढून दिले.

धार हा वेगळाच संसार आहे. पटाशी पाजवायला बसलं की अर्धा तास कुठे जातो कळत नाही. दगडावर पाणी, पातं अंदाजे पंचवीस-तीस अंशांत टेकवलेलं, आणि तो कोन हातानं धरून ठेवायचा. कोन हलला की धार गोल होते आणि गोल धार लाकूड कापत नाही, चेपते. धार आली का हे बघायला मी आडव्या रेषेवर, म्हणजे तुकड्याच्या टोकाकडून, फणसाची एक पातळ साल काढून बघते. साल सलग निघाली आणि खालचं लाकूड चकाकलं तर झालं. भुसभुशीत निघालं तर पुन्हा दगडावर. आणि इथली खारी हवा! संध्याकाळी पाजवून ठेवलेल्या पात्यावर सकाळी तांबडे ठिपके दिसतात. म्हणून काम संपलं की प्रत्येक पातं खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसायचं. आत्याच्या वेणीफणीची आणि माझ्या हत्यारांची बाटली एकच आहे.

तुकडा हातात घेतला की आधी तो काय आहे हे ओळखायचं. शंभर वर्षांची काजळी बसल्यावर सगळी लाकडं सारखीच दिसतात, पण करवतीचे दोन हात मारले की वास बोलतो. साग तेलकट, चामड्यासारखा वास सोडतो. फणसाचा भुसा पिवळाधमक. त्याच भुशाच्या आणि गाभ्याच्या रंगात आग्नेय आशियातले भिक्खू चीवरं रंगवत आले आहेत. ऐन दगडासारखा जड, करवत त्यात कुरकुरत जाते. आंब्याचं लाकूड हलकं, फिकट, ओल लागली की लगेच काळे डाग धरणारं. पूर्वी हापूसच्या पेट्या लाकडी असायच्या, पेंढा घालून भरलेल्या. आता पुठ्ठ्याचे खोके आले. माळ्यावर तशा चार रिकाम्या पेट्या सापडल्या. त्यांच्या पातळ फळ्यांमधून मी ड्रॉवरचे तळ केले.

माडाच्या लाकडावर जरा थांबते, कारण वादळानंतर ते फुकट मिळत होतं आणि कुणालाच नको होतं. माड हे खरं तर नेहमीच्या अर्थानं झाडच नाही. गवत, बांबू आणि पोफळ यांच्या कुळरीतीचा तो. त्याला वर्षाची वलयं नसतात. खोडाचा बाहेरचा भाग लोखंडासारखा टणक आणि आत जावं तसं मऊ, अगदी मधे तर भुसाच. सागात गाभा पक्का आणि कडेचं लाकूड कच्चं, माडात नेमकं उलटं. बाहेरच्या भागातून पट्टी काढली आणि रंधा मारला की फिकट लाकडावर गर्द तपकिरी टिपके दिसतात, जोंधळ्याचे दाणे विखुरल्यासारखे. दिसायला इतकं देखणं आणि हत्याराला इतकं वाईट लाकूड मी दुसरं पाहिलं नाही. चार पट्ट्यांत करवत बोथट. तरी मी दोन ट्रे केलेच.

पहिल्या वर्षी सगळ्यात मोठा घात खिळ्यानं केला. सागाची एक रीप, म्हणजे कौलांखालची पट्टी, दिसायला स्वच्छ होती. दोन खिळे मी उपटले होते, तिसरा डोकं मोडून आत राहिला होता. रंधा सुरेख चालला होता, साली वळून वळून माझ्या मांडीवर पडत होत्या, आणि एकदम खट्. पात्याच्या मधोमध दाताएवढी खाच. ती दगडावर घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हापासून एका जुन्या स्पीकरमधलं चुंबक सुतळीला बांधून ठेवलं आहे. कुठलाही तुकडा घेतला की आधी त्यावरून ते फिरवायचं. सुतळी जिथे थोडीशी ओढली जाते तिथे खडूची फुली.

खिळ्याभोवती लाकूड काळं-निळं झालेलं असतं. लाकडातलं टॅनिन आणि गंजलेलं लोखंड यांची शाईच तयार होते ती. ऐनावर हा डाग फार गडद पडतो. आधी मी तेवढा भाग कापून टाकत असे. आता मुद्दाम दिसेल असा ठेवते. मिठाच्या पेटीच्या दर्शनी फळीवर असे तीन डाग एका रेषेत आहेत, एकमेकांपासून अगदी सारख्या अंतरावर. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी छपरावर बसून ते अंतर बोटांनी मोजलं असणार.

त्या पेटीची गोष्ट सांगायलाच हवी. मे महिन्यात केलेली माझी पहिली पुरी वस्तू ती. बाजू सागाच्या रिपांच्या, झाकण फणसाच्या सहा इंच रुंद फळीचं, दोन्ही बाजूंच्या खाचांमधून सरकणारं. लोखंड मीठ आणि खारी हवा यांच्यापुढे टिकणार नाही म्हणून एकही खिळा नाही. बांबूच्या खुंट्या केल्या, टोकं तासून भोकांत ठोकल्या. झाकण मी इतकं नेमकं बसवलं होतं की सरकवताना आतली हवा ‘हुस्’ करून बाहेर यायची. मला त्या आवाजाचा फार अभिमान वाटला होता. आत्याला दहा वेळा ऐकवला.

आषाढात झाकण अडकलं. आत्यानं ओढलं, मी ओढलं, शेवटी काकांनी मोगरीनं ठोकून बघितलं. हलेना. मीठ आत आणि आम्ही बाहेर. काका हसले नाहीत. त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी नेलं. ते दार पावसाळ्यात नेहमीच उंबऱ्याला घासतं आणि दसऱ्यानंतर आपसूक मोकळं होतं. लहानपणापासून मी ते बघत होते. दार आणि झाकण एकच गोष्ट सांगतायत, हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही. वाढतं ते रुंदीत, रेषांना आडवं. हवेतली ओल पिऊन सहा इंचांची फळी कोरड्या मेपासून भर पावसाळ्यापर्यंत दीड-दोन मिलिमीटर सहज फुगते. सागाला हे खूळ कमी, फणसाला जास्त. म्हणून मेमध्ये केलेल्या वस्तूला कडेनं फट ठेवायची आणि श्रावणात केलेलीला घट्ट बसवायची.

“पावसाला जागा ठेवा,” काका म्हणाले. “तो दरसाल यायचाच हाय.”

दसऱ्यानंतर झाकण सुटलं. मी त्याच्या दोन्ही कडा रंध्यानं थोड्या उतरवल्या. आता उन्हाळ्यात ते किंचित खुळखुळतं आणि पावसात बरोब्बर बसतं. ‘हुस्’ गेला. मीठ मात्र बाराही महिने हाताशी असतं.

दुसरी वस्तू अगदी साधी, करवंटीचा डाव. आमच्याकडे सोलकढी आणि पेज याच डावानं वाढायचे. चांगली जाड करवंटी निवडायची, किशी, म्हणजे वर चिकटलेले काथ्याचे तंतू, काचेच्या तुकड्यानं खरवडून काढायची. मग काठापासून बोटभर खाली समोरासमोर दोन भोकं, एक मोठं आणि एक लहान. दांडा फणसाचा, टोकाकडे निमुळता होत गेलेला. तो मोठ्या भोकातून आत, करवंटीच्या पोटातून आडवा जाऊन लहान भोकात रुततो. बस्स. ना सरस, ना खिळा. सगळी कसोटी त्या निमुळतेपणात आहे. जास्त तासला तर डाव मान टाकतो, कमी तासला तर ठोकताना करवंटी तडकते. पटाशीनं एक साल काढायची, घालून बघायचं, बाहेर काढून जिथे चकाकी आली असेल तिथली पुढची साल. पहिल्या दिवशी माझ्या चार करवंट्या तडकल्या. आता एक डाव तासाभरात होतो. आजवर किती झाले ते मी मोजलं नाही, पण वाडीत बहुतेक घरांतून आमचं छप्पर पेज वाढतं आहे.

मधे एकदा सावंतवाडीला गेले तेव्हा चितारआळीत जाऊन आले. लाकडी फळं, भाजीपाला, बैल, भातुकलीची भांडी, आणि दुकानाच्या मागे काम करणारे हात. तिथली जुनी खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची असायची. पांगारा म्हणजे आमच्याकडे कुंपणाला लावायचं काटेरी झाड. इतकं मऊ आणि हलकं की घर बांधणारा त्याच्याकडे ढुंकून बघणार नाही. नेमक्या त्या हलकेपणातून पोराच्या हातात पेलणारं केळं आणि सीताफळ निघालं. घरी आल्यावर मी वईतला, म्हणजे कुंपणातला, एक पडलेला पांगारा तोडून सावलीत सुकत ठेवला. भाचीला त्याची होडी करून दिली, ती विहिरीजवळच्या दोणीत वर्षभर तरंगत होती.

तेलाबद्दल दोन शब्द, कारण इथे मी पुष्कळ चुका केल्या. खोबरेल लाकडावर सुकत नाही. वस्तू पावसाळाभर ओशट राहते आणि तिला बुरशी धरते. जवसाचं तेल हवेनं हळूहळू घट्ट होतं. पातळ हात द्यायचा, जास्तीचं पुसून घ्यायचं, आठवडाभर थांबायचं, मग दुसरा हात. रंगाच्या दुकानात मिळतं ते लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात, ते खाण्याच्या भांड्यांना लावू नये. घाण्याचं साधं तेल घ्यावं. वर थोडं मधमाश्यांचं मेण चोळलं की झालं. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. सुकताना ते आतून तापतं आणि आपोआप पेट घेऊ शकतं. मी दोरीवर पसरून वाळवते. काजूच्या टरफलाचं तेल होड्यांना लावतात, तेही काकांनी बाहेरच्या बाकाला लावून दाखवलं. ते हाताला लागलं की कातडी सोलते. बाक उत्तम टिकला आहे, माझा अंगठा बरा व्हायला पंधरवडा लागला.

गोठ्यातला ढीग आता कमरेएवढा राहिला आहे. सगळं वाचत नाही. काही तुकड्यांना आतून वाळवीनं पोखरलंय, काही नुसत्या गाठीच गाठी. माझ्या ढलप्या, साली आणि असे तुकडे एका टोपलीत पडतात आणि न्हाणीच्या हंड्याखाली जातात. फणसाच्या सालीचा जाळ झटकन धरतो, त्यामुळे आत्या माझ्या कामावर खूश असते.

गेल्या श्रावणात मी अशीच टोपली घेऊन न्हाणीकडे निघाले होते. बाहेर वारा उठला होता आणि माजघराची खिडकी सारखी आपटत होती. आत्यानं मला थांबवलं, टोपलीत हात घातला, एक-दोन तुकडे उचलून परत टाकले. मग ऐनाचा एक दोन बोटांचा तुकडा तिनं अंगठ्यानं चाचपला, एका बाजूनं जाड, दुसऱ्या बाजूनं पातळ.

“हा नको गो जाळूस,” ती म्हणाली, आणि खिडकीच्या चौकटीत तळहातानं ठोकून बसवला. आपटणं थांबलं. ती पुन्हा वाल सोलायला बसली.